खड्याची साखर, साखरेची शुगर

"बिगर साखरंचा द्या, मला शुगर हाय."

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यात काय किंवा बीड जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, चहाच्या हॉटेलात हे वाक्य दिवसातून कितीतरी वेळा कानावर पडतं. चहावाला वेगळं पातेलं चढवतो आणि विषय तिथंच संपतो. खरं तर तो तिथून सुरू व्हायला हवा. कारण या एवढ्याशा वाक्यात एकच शब्द दोनदा आलेला आहे. साखर आणि शुगर हा मुळात एकच शब्द. त्याचं एक रूप इथल्या मातीतच राहिलं, घासून गुळगुळीत झालं. दुसरं इराण, अरबस्तान, सिसिली, फ्रान्स असं करत इंग्लंडला पोचलं आणि तिथून परत आलं. आता दोघं एकाच वाक्यात शेजारी बसतात आणि त्यांची मुळात ओळख आहे हे बोलणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं.

मूळ शब्द आहे शर्करा. आणि त्याचा पहिला अर्थ गोड नाही. शर्करा म्हणजे खडा, कच, बारीक खडी. अथर्ववेदाच्या एका सूक्तात शर्करा येते ती वाळू आणि दगड यांच्या रांगेत. गोडाचा तिथे मागमूसही नाही. आयुर्वेदात मूतखड्याच्या बारीक कणांनाही शर्करा म्हणतात, आणि तो अर्थ वैद्यांच्या बोलण्यात आजही आहे.

मग खडा गोड कसा झाला? उसाचा रस आटवत नेला की आधी काकवी होते, मग गूळ. पण पाक नेमक्या दाटपणाला उतरवला आणि सावकाश थंड होऊ दिला, तर त्यात दाणे धरू लागतात. हे ज्यांनी पहिल्यांदा पाहिलं त्यांना ती कचच वाटली असणार. भांड्याच्या तळाशी वाळू यावी तसे कण, पण जिभेवर ठेवले की विरघळणारे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात ठेवायच्या वस्तूंची यादी आहे. त्यात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी नावं ओळीने येतात. फाणित म्हणजे काकवी, मत्स्यंडिका म्हणजे माशाच्या अंड्यांसारखी रवाळ, खंड म्हणजे तुकडा आणि शर्करा म्हणजे कच. रसापासून दाण्यापर्यंतच्या पायऱ्याच त्या यादीत दिसतात. नावं ठेवणाऱ्याने चवीकडे पाहिलेलंच नाही. त्याने बोटांच्या चिमटीत काय लागतं तेवढंच पाहिलं.

तुम्हीही पाहा. साखरेचा एकच दाणा काळ्या कागदावर ठेवा आणि भिंगातून बघा. तो पांढरा नसतो. काचेसारखा आरपार असतो, सपाट बाजू आणि धारदार कडा असलेला, कुणी पैलू पाडून ठेवल्यासारखा. डब्यातली साखर पांढरी दिसते ती असंख्य पैलूंवरून उजेड चहूकडे उधळला जातो म्हणून. कोट्यवधी रेणू एकावर एक शिस्तीने रचले गेले की असा स्फटिक तयार होतो आणि रचताना परक्या पदार्थाला तो आत शिरू देत नाही. म्हणूनच दाणा शुद्ध आणि मळी बाहेर. कारखान्यातली पॅन आणि सेंट्रिफ्यूगल ही सगळी यंत्रसामग्री दाणा धरवणं आणि तो मळीपासून सोडवणं एवढ्याचसाठी आहे. घाऊक बाजारात आजही साखरेचा भाव एस ३० आणि एम ३० अशा नावांनी निघतो. त्यातलं अक्षर दाण्याचा आकार सांगतं, बारीक की मध्यम. खड्याचा आकार हीच साखरेची ओळख हा दोन हजार वर्षांहून जुना हिशेब अजून मोडलेला नाही. आणि खडीसाखर? खडी म्हणजे खडे, साखर म्हणजेही खडे. प्रसादाच्या वाटीत आपण खड्यांचे खडे ठेवत आलो आहोत.

आता शर्करेची साखर कशी झाली ते. पालीत हा शब्द सक्खरा असा आहे. त्यातला जोडाक्षराचा ठसका मराठीत येताना सुटला आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. हत्थचा हात झाला, सत्तचे सात झाले, तसंच सक्खराचं साखर. मराठीचे घरगुती शब्द असे शेकड्यांनी घडले आहेत. पण यातला ख मला फार मोलाचा वाटतो. संस्कृतात तो नाही. तो लोकांच्या बोलीतला आहे. आणि तोच ख ग्रीकांनीही ऐकला.

गेवराई तालुक्याच्या उत्तरेची हद्द गोदावरी आहे आणि नदीने थोडं वर गेलं की पैठण. सातवाहनांच्या काळात या पट्ट्यात प्राकृत बोललं जात होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ते पुस्तक पेरिप्लस या नावाने ओळखलं जातं, लेखकाचं नाव मात्र हरवलं. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, हे त्यात आहे. पैठणहून गाड्या भरभरून अकीकासारखे दगड बंदराला जातात, हेही आहे. आणि भडोचच्या बाजूने आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या मालात गहू, तांदूळ, तूप, तीळतेल यांच्याबरोबर बोरूतून निघणारा एक मध आहे, त्याला सक्खारी म्हणतात, अशी नोंद आहे. त्याच शतकात डायोस्कोरिडीस हा ग्रीक वैद्य साक्खारॉन नावाच्या पदार्थाचं वर्णन करतो: बोरूत सापडणारा, घट्ट झालेला, मिठासारखा दिसणारा आणि मिठासारखाच दाताखाली फुटणारा मध. त्याही आधी, अलेक्झांडरच्या आरमाराचा प्रमुख निआर्कस याने हिंदुस्थानातले बोरू मधमाश्यांवाचून मध देतात अशी हकीकत नेली होती. मधाखेरीज दुसरं गोड ज्यांना फारसं ठाऊकच नव्हतं, ते याहून वेगळं काय म्हणणार!

ग्रीकांच्या साक्खारॉनमधला ख हा आपल्या साखरेतलाच ख. ग्रीकातून तो रशियनमध्ये गेला आणि रशियनमध्ये साखरेला काय म्हणतात? साखर. अगदी हाच शब्द, उच्चारात थोडा घसरता ख, एवढाच फरक. हिंदी भाषकाची चीनी मॉस्कोत चालणार नाही, पण चकलांब्याच्या माणसाने किराणा दुकानात जाऊन साखर मागितली तर दुकानदार साखरच काढून देईल. हे कळलं त्या दिवशी मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

चीनीची गोष्टही याच धाग्यातली आहे. ६४७ साली चीनचा सम्राट ताइत्सुंग याने साखर पाडण्याची रीत शिकून येण्यासाठी मगधात माणसं पाठवल्याची नोंद तिकडच्या राजवंशाच्या इतिहासात आहे. पुढे कित्येक शतकांनी पांढऱ्या साखरेला उत्तरेत चीनी नाव पडलं आणि खडीसाखरेला मिश्री, म्हणजे मिस्रची, इजिप्तची. ज्यांना आपण दाणा धरवायला शिकवलं त्यांचीच नावं आपल्या मालाला लागली. मराठीने मात्र जुनं नाव सोडलं नाही.

दुसरी वाट पश्चिमेची. फारसीत शर्करेचं शकर झालं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे दखनी बोलणाऱ्या घरांतली शक्कर आपल्या कानाला परकी नाही. शंकरपाळ्यांतही हीच शकर लपली आहे. मूळ शब्द शकरपारा, म्हणजे साखरेचा तुकडा. शंकराचं नाव त्यात लोकांच्या जिभेने आणून बसवलं. खंडाचंही असंच झालं. फारसीत तो कंद झाला आणि गुलाबाच्या पाकळ्यांबरोबर मुरून गुलकंद होऊन विड्यात परत आला. तोच पश्चिमेला जाऊन इंग्रजीतली कँडी झाला. खंड आणि कँडी, गुलकंदातला कंद आणि दुकानातल्या बरणीतली खांड, सगळे एकाच तुकड्याचे तुकडे.

अरबांनी शकरचं सुक्कर केलं आणि नुसता शब्द नेला नाही, ऊसही नेला. सिसिलीत आणि स्पेनमध्ये त्यांनी पाट काढून उसाचे मळे लावले. स्पॅनिशमध्ये साखरेला अथुकार आणि पोर्तुगीजमध्ये असुकार म्हणतात. त्यांच्या सुरुवातीचा अ म्हणजे अरबी नामाआधी लागणारं अल, शब्दाला चिकटून राहिलेलं. इटालियनमध्ये झुक्केरो, फ्रेंचमध्ये सुक्र. जेरुसलेमसाठी लढायला निघालेल्या युरोपच्या सैनिकांनी ११व्या शतकाच्या अखेरीस त्रिपोलीच्या आसपास पहिल्यांदा ऊस चोखला, भुकेल्या पोटी. त्यांच्या इतिहासकाराने त्याचं नाव झुक्रा असं टिपून ठेवलं आहे. तेराव्या शतकात शब्द इंग्रजीत पोचला. तेव्हा इंग्लंडात साखर औषधी मसाल्यांबरोबर मोजून विकली जायची आणि तिचं नाव प्रत्येक जण आपापल्या परीने लिहायचा. वाटेत कुठेतरी क चा ग झाला.

पुढचा बदल तर मला चमत्कारासारखा वाटतो. इंग्रजीत या शब्दाचं पहिलं अक्षर स चं आहे, तरी उच्चार शु. लोक आधी स्यु म्हणत, आणि स ला य भिडला की जीभ आपोआप श कडे घसरते. म्हणून शुगर. पण शर्करेचा आरंभच श ने होता! तो श प्राकृतात स झाला, फारसीत श राहिला, अरबीत पुन्हा स झाला, फ्रेंचमध्ये स च राहिला आणि इंग्लंडच्या धुक्यात, संस्कृताचं नावही न ऐकलेल्या लोकांच्या तोंडी परत श झाला. हा निव्वळ योगायोग आहे. भाषाशास्त्रात त्याला काही अर्थ नाही. पण शुगर हा उच्चार मूळ शब्दाच्या पहिल्या ध्वनीला आपल्या साखरेपेक्षा जवळचा आहे, हे खरंच आहे.

तिसरी एक वाट आपल्या शेजारून गेली. मलबारच्या आणि कानडी मुलखाच्या किनाऱ्यावर शर्करेची जी रूपं होती त्यांतून पोर्तुगिजांनी जागरा असा शब्द उचलला. तोच इंग्रजीत गेला आणि जॅगरी झाला. हल्ली दुकानात जॅगरी पावडर अशी पाकिटं दिसतात. गुळाला शर्करेचंच नाव लावलेलं आहे ते. इंग्रजीला शुगर, जॅगरी, सॅकरिन आणि सुक्रोज हे चार वेगळे शब्द वाटतात. चारही शर्करा आहेत. वनस्पतिशास्त्राने उसाला नाव दिलं तेही सॅकरम, १७५३ साली, लिनियसच्या हातून.

आपल्याकडे शुगर हा शब्द परतला तो इंग्रजी राजवटीबरोबर, आणि कारखान्यांबरोबर रुळला. सहकारी कारखानदारीचा पाया विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०च्या सुमारास प्रवरेकाठी लोणीला घातला. त्यानंतर जे कारखाने उभे राहिले त्यांच्या पाट्या वाचा. गेवराई तालुक्यात गढीला जय भवानी सहकारी साखर कारखाना आहे. हे नाव इंग्रजीत लिहिलं तरी सहकारी साखर कारखाना असंच लिहितात, भाषांतर करत नाहीत. उलट पुण्याजवळ मांजरीला १९७५ साली निघालेली संशोधनसंस्था मराठीतही वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच आहे. इंग्रजी कागदावर साखर आणि मराठी तोंडी शुगर! दोन्ही रूपं एकमेकांच्या घरी अशी सहज राहतात.

पण लोकांनी बोलताना कामाची वाटणी केली आहे आणि ती फार नेमकी आहे. साखर डब्यात असते, शुगर रक्तात. साखर महाग होते, शुगर वाढते. "शुगर किती आली?" असं विचारतात, "साखर किती आली?" असं कुणी विचारत नाही. विचारलंच तर ते पोत्यांबद्दल असतं. आजारासाठी आपल्याकडे मधुमेह हा सुरेख शब्द होता. चरकसंहितेत या रोगाच्या लक्षणांत लघवीला मुंग्या लागणं सांगितलं आहे, इतकं बारीक निरीक्षण. इंग्लंडात मॅथ्यू डॉब्सनने रोग्याची लघवी आटवून तिच्यात साखरच आहे हे दाखवलं ते १७७६ साली. तरीही गावात मधुमेह रुळला नाही. मला वाटतं, शुगर हा शब्द बोटाला टोचायच्या सुईबरोबर आला. तो आकडा असलेला शब्द आहे. तो आकडा दर तपासणीला बदलतो आणि माणूस त्याची वाट बघतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, जिथे गुलामांनी उसाचे मळे राबवले, तिथेही साधी माणसं या आजाराला नुसतं शुगर म्हणतात. त्यांच्या बोलीत शुगर म्हणजे लाडकं माणूस आणि शुगर म्हणजे मुकासुद्धा. आपण ते अर्थ घेतले नाहीत. त्यासाठी आपली साखरझोप, साखरपुडा आणि तोंडात पडणारी साखर पुरेशी होती.

लोकांनी केलेली ही वाटणी रसायनशास्त्रातही खरी ठरते. डब्यातली साखर म्हणजे सुक्रोज. तिचा एक रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. आतड्यात ती जोडी सुटते आणि रक्तात मोजली जाते ती त्यातली ग्लुकोज. रक्तात साखर जशीच्या तशी जवळजवळ जातच नाही. म्हणजे साखर वेगळी आणि शुगर वेगळी, असं चहाच्या हॉटेलातला माणूस म्हणतो ते शब्दाच्या इतिहासात चूक असलं तरी रेणूच्या पातळीवर बरोबर आहे. आणि ती असते तरी किती? निरोगी माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी दर डेसिलिटरला ९० मिलिग्रॅम धरली, तर सगळ्या शरीरातल्या रक्तात मिळून साडेचार ग्रॅम शुगर. एक चहाचा चमचा! १२६ किंवा त्याहून जास्त भरली की डॉक्टर मधुमेह म्हणतात, आणि १२६च्या उंबरठ्यावरही ती दीड चमच्याच्या आत असते. या अर्ध्या चमच्याच्या फरकावर डोळे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा अवलंबून असतात.

ग्लुकोज-फ्रुक्टोजची ही जोडी फुटायला आतडंच लागतं असं नाही. ती उसाच्या फडातही फुटते, आणि हे बीड जिल्ह्याच्या माणसांइतकं कुणाला ठाऊक नसेल. दिवाळी झाली की गेवराई, शिरूर, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांतून ऊस तोडणाऱ्यांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस अर्धा कोयता. कोपीत मुक्काम आणि पहाटेच्या थंडीत फडावर. ऊस जमिनीला घासून तोडायचा, कारण सगळ्यात जास्त साखर बुडख्यात असते. एक-दोन पेरांचं बुडूख राहिलं तर साखरेच्या उताऱ्यात फरक पडतो. शेंड्याकडे जावं तसा सुक्रोजचा अंश घटतो, तिथे पाणी आणि सुटी ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त. म्हणून शेंडा छाटून वाढे बैलांना. उरलेल्या उसाची मोळी बांधून, डोक्यावर चुंबळ ठेवून, फळीवरून गाडीत चढवायची.

आणि तोडलेला ऊस ठेवून चालत नाही. कोयता बसला त्या क्षणापासून उसातलीच विकरं सुक्रोजची जोडी सोडवू लागतात. वाळलेल्या उसाचं वजन घटतं ते पाणी उडाल्याने. साखर घटते ती या फुटण्याने, आणि फुटलेली जोडी कारखान्यात पुन्हा दाणा धरत नाही, मळीत जाते. म्हणून रात्री-अपरात्री गाडी आली की उठून भरावीच लागते. थंडीतल्या त्या धावपळीमागे सुक्रोजचं ग्लुकोज होऊ नये ही घाई आहे. साखरेची शुगर होण्याआधी ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडला पाहिजे. एक टन उसातून महाराष्ट्रात सुमारे शंभर ते एकशेदहा किलो साखर निघते. तो टन आधी कुणाच्या तरी डोक्यावरून गाडीत गेलेला असतो. शर्करेचा खडा जगभर पोचवल्याचं श्रेय व्यापारी, वैद्य आणि सम्राट यांच्या नावावर लिहिलेलं आहे. ऊस तोडणाऱ्यांची नावं त्या इतिहासात कुठेच नाहीत, आणि मला ही त्या इतिहासातली सगळ्यात मोठी उणीव वाटते.

मराठी माणूस ऊस तोडायला समुद्रापारही गेला आहे. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केल्यावर मॉरिशसच्या मळ्यांना हात कमी पडू लागले. मग १८३४पासून करारावर हिंदुस्थानी मजूर नेले गेले. बिहारी, तमिळ, तेलुगू लोकांबरोबर मुंबई बंदरातून कोकणातली मराठी माणसंही गेली. पोर्ट लुईसच्या धक्क्यावर ती जिथे उतरली त्या जागेला आता आप्रवासी घाट म्हणतात. २००६ साली ती जागतिक वारसास्थळांच्या यादीत आली. मॉरिशसची क्रिओल भाषा फ्रेंचमधून घडली आहे. फ्रेंचमध्ये थोडी साखर हवी असेल तर द्यु सुक्र म्हणतात. त्या दोन शब्दांचा क्रिओलमध्ये मिळून एकच शब्द झाला, दिसिक. कोकणातून गेलेल्या त्या घराण्यांत आज गणपती बसतो, आरत्या मराठीत म्हटल्या जातात आणि रोजचं बोलणं क्रिओलमध्ये चालतं. मोदकाच्या सारणाला साखर कमी पडली तर तिथल्या घरातलं पोर दुकानात जाऊन दिसिक मागतं.